काढून पाहणारे चाचा

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, आणि आजवर प्रयोगवही, उत्तरपत्रिका आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यांच्यापलीकडं मी काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना विचारलेलंही नाही. पण या हकिकतीत एक चूक माझी आहे, आणि ती सांगायची तर आधी चाचा कसे आहेत ते सांगावं लागतं. नाहीतर ती चूक कोणाला खरी वाटणार नाही.

दारव्ह्यातले माझे घरमालक चाचा यांनी आयुष्यात एकही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय वापरलेली नाही. खाली त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आणि वर माझी खोली. मी राहायला आलो त्याच संध्याकाळी त्यांनी माझा मोबाइलचा चार्जर मागून घेतला आणि सकाळी परत दिला. "चालते," ते म्हणाले, "पन काहून चालते थे पाह्यलं." चार्जर त्यानंतर थोडा गरम व्हायचा, पण चालायचा. स्वतःचा मोबाइल त्यांनी इतक्या वेळा उघडला होता की तो वाजायचा बंद झाला होता. कोणाचा फोन येऊन गेला एवढंच तो सांगायचा, तेही दुसऱ्या दिवशी. मोटार दुकानात आली की चाचा तिच्या अंगावर पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक टेकवायचे, मूठ स्वतःच्या कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मोटार त्यांच्या लेखी कधी खराब नसायची, "नाराज" असायची. मग मालकाची उलटतपासणी सुरू व्हायची. हिले कोनाले उसनी देलती? कोरडी किती वेळ चालवली? खरं सांग, तुह्या भावानं चालवली का तू? एकदा माझं पोट दुखत होतं तर त्यांनी तोच पेचकस माझ्या पोटाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मेसवाला बदल." मी मेस बदलली आणि पोट थांबलं, हेही सांगितलं पाहिजे.

त्यांची काम करायची एक रीत होती आणि तिला ते 'काढून पाहणं' म्हणत. एखादा भाग कशासाठी आहे हे कळत नसेल तर तो काढायचा, मशीन चालू करायचं आणि ऐकायचं. मशीन थांबलं तर भाग कामाचा. मशीन चाललं तर "हा कंपनीनं हौशीनं लावला" असं म्हणून तो भाग काचेच्या बरणीत जायचा आणि बरणीवर चिठ्ठी लागायची. दुकानाची मागची भिंत अशा बरण्यांनी भरलेली होती. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मोटारीच्या गळ्यातही तारेनं बांधलेली चिठ्ठी असायची, आणि तिच्यावर चार ओळी ठरलेल्या: मालक, मुक्काम, तक्रार, काढलं. शेवटच्या ओळीचा त्यांना फार अभिमान होता. ही रीत ते मोटारींपुरती ठेवत नसत. दुकानातल्या खुर्चीला इतके स्क्रू कशाला, या विचारानं त्यांनी दर सोमवारी एकेक स्क्रू काढायला सुरुवात केली. तीन सोमवार खुर्चीनं काही तक्रार केली नाही. चौथ्या सोमवारी तहसीलमधून निवृत्त झालेले एक बाबूजी पेपर वाचता वाचता खुर्चीसकट जमिनीवर आले. चाचांनी त्यांना उठवलं, धोतर झटकून दिलं, हातातल्या स्क्रूकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हा लागते."

अशा माणसाच्या पोटात दोन वर्षांपासून दुसऱ्याची किडनी होती. दुसऱ्याची म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीची. आपा शेजारच्याच घरात राहत, मधे एक कमरेएवढी भिंत. चाचांच्या दोन्ही किडन्या बसल्या तेव्हा आपांनी कोणाला न विचारता स्वतःची द्यायचं ठरवलं, नागपूरला जाऊन दिली, आणि त्या दिवसापासून भिंतीवरून तिच्यावर लक्ष ठेवलं. चाचांनी जड मोटार उचलली की पलीकडून आवाज यायचा, "ठेव खाली! माझ्यावालीले धक्का लागते!" चाचा टोपी न घालता उन्हात निघाले की, "माझ्यावालीले ऊन लागते!" चाचा म्हणायचे, "आपा, देली ना तुमी मले?" आपा म्हणायच्या, "ठेवायले देली. मालक मी हाव."

ती किडनी टिकावी म्हणून रोज तीन प्रकारच्या गोळ्या होत्या. त्यातली मुख्य सकाळी नऊला आणि रात्री नऊला, मिनिटाचाही फरक नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चाचांनी वेळेवर चालणारा एक स्विच लावून त्याला पिठाच्या गिरणीचा जुना भोंगा जोडला. त्या भोंग्यावर सगळी गल्ली चालायची. समोरचा टेलर त्यावर शटर उघडायचा, शाळेच्या पोरी त्यावर धावत सुटायच्या. फक्त चाचाच त्या गोळीवर खूश नव्हते, कारण आयुष्यात पहिल्यांदा ते काहीतरी न कळता वापरत होते. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून आहे, जन्मभर घ्या. चाचांनी घरी येऊन गोळी उघडली. ती कॅप्सूल होती. आत पांढरी भुकटी निघाली. "उघडून पाह्यली," ते मला खिन्नपणे म्हणाले, "काहीच दिसलं नाही."

अशात मला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सेमिनारचा विषय मिळाला: प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये कॅल्शियम निरोप कसा पोचवतं. सगळं इंग्रजीत. मी दुपारी दार लावून मोठ्यानं पाठ करायचो. तिसऱ्या दिवशी चाचा जिना चढून वर आले. "तीन दिवसांपासून कायले भांडून राह्यला बे? कोन आहे आत?" आत कोणी नाही, अभ्यास आहे, असं मी सांगितलं. "मंग मले सांग. मले समजलं तं तुले समजलं."

मी घाबरत घाबरत मराठीत सांगू लागलो. रक्तात पहारा करणाऱ्या पेशी असतात. अशा पेशीच्या आत एक पिशवी असते, तिच्यात कॅल्शियम साठवलेलं असतं. पेशीच्या बाहेर तर कॅल्शियम आतल्यापेक्षा हजारो पट. पेशीला काही परकं लागलं की आधी आतली पिशवी रिकामी होते. ती रिकामी झाल्याचं एका प्रथिनाला कळतं, ते जाऊन बाहेरच्या भिंतीतलं दार उघडतं आणि बाहेरचं कॅल्शियम आत...

"थांब," चाचा म्हणाले. "अंदरची टाकी खाली झाली की बाहेरचा व्हॉल्व्ह खुलते?"

"हो."

"हा तं कूलरचा फ्लोट आहे बे!" ते चिडलेच होते. "पेशीनं कूलरवाल्याचा चोरला का कूलरवाल्यानं पेशीचा?"

"पेशी फार जुनी आहे, चाचा."

"मंग कूलरवाल्यानं. मले वाटलंच होतं. अन् आत आलेलं आतच राह्यते का?"

"नाही, पंप असतात. ते सारखं बाहेर फेकत राहतात."

पंप म्हटल्यावर चाचा खाली बसले. "पेशीत पंप? किती एचपीचा?"

"पुस्तकात दिलेलं नाही."

"सिंगल फेज का थ्री फेज?"

"चाचा, तिथं लाइट नसते."

"लाइट नाही तरी चालते!" यवतमाळ जिल्ह्यात मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसाला याहून मोठा चमत्कार सांगता आला नसता. "अन् जळला तं वाइंडिंग कोन करते?"

पेशी स्वतःच नवा बनवते, असं मी सांगितलं. त्यांनी हात झटकले. मग म्हणाले, "म्हंजे आपल्यावाला धंदा तिथं नाही."

पुढचं मी जरा उत्साहानं सांगितलं. आत आलेल्या कॅल्शियममुळं एक कामगार प्रथिन जागं होतं. ते एका निरोप्याला मोकळं करतं. निरोप्या पेशीच्या मधोमध, जिथं सगळे हुकूम ठेवलेले असतात तिथं जातो, आणि हुकूम सुटतो: संख्या वाढवा, लढा. "आणि चाचा," मी म्हणालो, "तुमची गोळी इथंच बसते. कॅल्शियम येतं, पण त्या कामगाराला गोळी धरून ठेवते. निरोप पुढं जात नाही."

चाचांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि ती उलटसुलट करून पाहिली. "म्हंजे पानी येते, पन बल्ब लागत नाही."

"तसंच."

"मोठ्या डॉक्टरनं एवढं सांगतलं असतं तं काय झालं असतं?"

माझ्या शिक्षणाचा कोणाला उपयोग होतो आहे, असं त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं. ते वाटायला नको होतं, हे आता कळतं.

दोन दिवसांत चाचांनी सेमिनारसाठी मॉडेल बनवलं. तेलाचं पिंप म्हणजे बाहेरचं कॅल्शियम. त्याच्याखाली कापलेला प्लास्टिकचा डबा म्हणजे पेशी. डब्यात एक लहान डबी, तिला तोटी, आणि डबीच्या पाण्यावर कूलरचा फ्लोट. तोटी उघडली की डबी रिकामी व्हायची, फ्लोट खाली यायचा, पिंपाचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि डब्यात पाणी चढायचं. ते दोन तारांना टेकलं की बॅटरीवरचा लाल बल्ब लागायचा. तारेत एक स्विच, त्यावर चाचांच्या हातचं 'गोळी'. तो खाली केला की पाणी येऊनही बल्ब बंद. कूलरचा जुना पंप सगळा वेळ डब्यातलं पाणी बाहेर फेकत असे. तोटी बंद केली की वरून पडणाऱ्या पाण्यानं डबी पुन्हा भरायची, व्हॉल्व्ह मिटायचा, पंप डबा रिकामा करायचा आणि सगळं शांत.

काम संपल्यावर चाचांनी एकच गोष्ट विचारली. "हे तोटी कोन उघडते?"

"मी उघडतो."

"तू नाही बे. अंदर, पेशीत, कोन उघडते?"

सेमिनारसाठी दहाच मिनिटं मिळणार होती आणि त्या भागाची नावंच मला म्हणता येत नव्हती. "ते लांबलचक आहे, चाचा. सोडा ते."

"बरं," चाचा म्हणाले. "तू शिकलेला."

सेमिनार छान झाला. सर खूश झाले, मागच्या बाकावरची मुलं उठून पुढं आली. तोटी कोण उघडतं हे सरांनीही विचारलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी सरांनी ते मॉडेल खालच्या वर्गाला दाखवायला पुन्हा मागितलं. मी सकाळी दुकानात गेलो. चाचा गिऱ्हाइकाशी बोलत होते. मॉडेल मागच्या भिंतीशी होतं, बरण्यांच्या रांगेखाली. तिथं एक नवी बरणी दिसली. आत कॅप्सूल होत्या. मी मोजल्या, अकरा. बरणीवर चिठ्ठी होती: 'माह्यी गोळी. काढून पाह्यली. मशीन चालू.'

भोंगा रोज वाजत होता. चाचा रोज नऊला पट्टीतून कॅप्सूल काढत होते. बाकीच्या दोन गोळ्या तोंडात जात होत्या आणि ही बरणीत. साडेपाच दिवस झाले होते.

मी त्यांना तिथल्या तिथं विचारायला हवं होतं. मी वर गेलो आणि पुस्तक उघडलं. दोन वर्षांनंतर शरीराला सवय होते असं त्यात कुठंतरी लिहिलेलं असावं, अशी मला आशा होती. तसं लिहिलेलं नव्हतं. मग खाली आलो, दुकानात न जाता भिंतीपाशी गेलो आणि आपांना हाक मारली.

आपा कणीक मळत होत्या. तशाच पिठाच्या हातांनी त्या दुकानात शिरल्या. गिऱ्हाईक आपोआप बाहेर गेलं. "क्यूं रे, म्यां थे ट्रायलवर देली का तुले?"

चाचा अजिबात गडबडले नाहीत. "आपा, बसा. दाखवतो." त्यांनी मॉडेलमध्ये पाणी भरलं. तोटी बंदच होती. डबी भरलेली, व्हॉल्व्ह मिटलेला, पंपानं डबा कोरडा केलेला. "दोन वर्षांपासून सारं थंड आहे. अंदरची टाकी कव्हाचीच भरली असन. आता हे गोळी काढली." त्यांनी स्विच वर केला. "लागला का बल्ब? नाही लागला. चार दिवस आधी इथं पाह्यलं, मंग सवतावर पाह्यलं."

आपांनी बल्बकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. मी म्हणालो, "चाचा, मॉडेल चुकलं आहे."

"मॉडेल माह्या हातचं आहे. चुकत नाही."

"तुमचं नाही, माझं चुकलं. तोटी कोण उघडतं ते मी सांगितलं नव्हतं." मी आपांना तोटी धरायला सांगितली. पिठाचा हात तसाच तोटीवर आला. "प्रत्येक माणसाच्या पेशींवर त्याची खूण असते. या किडनीवर आपांची खूण आहे. तुमच्या पहारेकऱ्यांना ती परकी दिसते, आणि दिसली की ते तोटी उघडतात. म्हणजे तोटीवर हात आपांचा आहे. तो दोन वर्षांनी सुटत नाही. वीस वर्षांनीही सुटत नाही. आपा, उघडा."

आपांनी तोटी उघडली. डबी रिकामी झाली. फ्लोट खाली आला, व्हॉल्व्ह उघडला, पंप फेकत असतानाही डब्यात पाणी चढत गेलं आणि बल्ब लागला. सकाळच्या उजेडात तो फारसा दिसतही नव्हता. पण आम्ही तिघंही त्याच्याकडंच पाहत होतो.

"मंग म्यां हे कव्हालोक धरून बसू?" आपांनी विचारलं.

"जिंदगीभर, आपा," चाचा म्हणाले.

"म्हंजे किडनी बी मीच देली अन् भांडन बी मीच लावलं?"

"तुमी नाही." चाचांनी हात लांब करून 'गोळी'चा स्विच खाली केला. बल्ब विझला. "माह्या पहारेवाल्याले तुमी वळखू येत नाही. मले येता, त्याईले नाही येत."

मग त्यांनी पेचकस उचलला, टोक स्वतःच्या पोटाला उजवीकडं खाली लावलं, मूठ कानाला लागेना म्हणून वाकले, आणि ऐकत राहिले. आपा तोटी सोडायचं विसरून उभ्या होत्या. "बोलते का?" त्यांनी हळूच विचारलं. मी आपांच्या मोबाइलवरून नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडून सांगितलं, लगेच घेऊन या. अर्ध्या तासात दोघं गाडीत बसले. दुकानाला कुलूप लागलं. रात्री नऊला बंद दुकानातून भोंगा वाजला.

त्यानंतर माझी परीक्षा झाली. दुकान उघडलं नाही. चाचांना भरती करून ठेवलं आहे, इंजेक्शनं चालू आहेत, एवढंच टेलरकडून कळलं. परीक्षा संपल्यावर मी खोली रिकामी केली, किल्ली टेलरकडं दिली आणि फुलसावंगीला घरी आलो. चाचांचा फोन वाजत नाही हे मला माहीत होतंच. आपांचा नंबर माझ्याकडं होता. कितीदा तो काढला आणि परत ठेवला. काय विचारणार होतो? मी अर्धंच शिकवलं त्याचं पुढं काय झालं, हेच ना? गावात कोणी विचारलं, बावा, तू सायन्सवाला, हे बीपीची गोळी काय करते, तर मी म्हणायचो डॉक्टरांना विचारा. लोकांना वाटलं, पोरगा शिकून आखडू झाला.

निकाल लागला, एम.एस्सी.चे अर्ज भरून झाले. दिवाळी होऊन गेल्यावर आमच्या शेजारचे काका मोटार घेऊन दारव्ह्याला गेले. इतक्या लांब कशाला, असं सगळे म्हणाले, पण त्यांची मोटार दुसरीकडं दोनदा दुरुस्त होऊन दोनदा जळली होती. दारव्ह्याच्या त्या म्हाताऱ्यानं दुकान पुन्हा उघडलं आहे, असं त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. मला ते त्यांनी जाताना सांगितलं नाही. जीपमधून मोटार उतरवताना सांगितलं.

"तुह्या चाचानं मले लय बसवलं," काका म्हणाले. "भोंगा वाजला, गोळी खाल्ली, आ करून मले तोंड दाखवलं, तव्हा मोटारले हात लावला. भिंतीवरून एक बाई पाहून राह्यलती, तिलेही दाखवलं. वाळले लय, पन चालते-फिरते. चिठ्ठीवर आपल्या गावाचं नाव लिवलं अन् तुह्यं विचारलं. अन् एक डबडं ठेवलं समोर, त्याची तोटी तारानं उघडी बांधून ठेवली. पानी वाया चाल्लं, बंद करा म्हनलं, तं भांडाले उठले."

मोटारीच्या गळ्यात दोन चिठ्ठ्या होत्या. एक काकांच्या मोटारीची. दुसरीच्या पाठीमागं माझं नाव होतं. अक्षर पूर्वीपेक्षा हललेलं होतं, पण ओळी त्याच चार होत्या.

मालक: आपा.
मुक्काम: माह्या पोटात.
तक्रार: गरम झालती. थोडी जळली, उरली थे चालते.
काढलं: काही नाही.